पाण्याचा पिंजरा आणि कोंडलेला वायू : चेन्नईतील एका प्रयोगाचा इतिहास

चेन्नईच्या गिंडी वनालगत भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे आयआयटी मद्रासचा परिसर आहे. बाहेर समुद्रावरून येणारा दमट उकाडा असतो आणि आत रसायनशास्त्र विभागाच्या एका प्रयोगशाळेत, पोलादी कोठीच्या मध्यभागी, रुथेनियम धातूचा एक लहानसा स्फटिक उणे २६३ अंश सेल्सिअसवर थंडगार होऊन बसलेला असतो. केल्विन मापनात हे तापमान केवळ १० अंश. कोठीतील हवा उपसून काढलेली असते. उरलेला दाब मिलिबारच्या हजार कोटीव्या भागाच्या आसपास, म्हणजेच बाहेरच्या वातावरणाच्या दाबाच्या साधारण दहा लाख कोटीव्या भागाइतका असतो. या स्फटिकावर पाण्याची वाफ आणि मिथेन वायू एकत्र सोडले की दोन्ही जागीच गोठतात आणि धातूवर बर्फाचा अतिशय पातळ लेप तयार होतो.

जानेवारी २०१९ मध्ये या लेपाविषयी एक शोधनिबंध ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाण्याच्या रेणूंनी स्वतःचे पिंजरे रचून मिथेनचे रेणू त्यांत कोंडले आणि हे जवळजवळ शून्य दाबात, ३० केल्विन तापमानाला घडले, असा त्यात दावा होता. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत तर १० केल्विन तापमानही पुरले. ही बातमी देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली. मात्र त्याच वर्षी त्याच नियतकालिकात तीन संशोधकांचे पत्र आले. प्रयोगशाळेच्या कालावधीत असे पिंजरे तयार झाल्याचा पटण्याजोगा पुरावा या निबंधात नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

वायू बर्फात अडकला होता, याबद्दल दोन्ही पक्षांत फारसे दुमत नव्हते. मतभेद होता तो ‘कोंडला’ या शब्दाच्या अर्थावर. बर्फाच्या एखाद्या भेगेत सापडलेला रेणू आणि रेणूरेणूंनी रचलेल्या बंद पिंजऱ्यातला रेणू यांतला फरक कसा ओळखायचा? हा प्रश्न चेन्नईत जन्मला नाही. तो दोनशे वर्षांहून जुना आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस क्लोरीन वायू थंड पाण्यात सोडला की पिवळसर स्फटिक जमतात, हे रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होते. हा गोठलेला क्लोरीनच आहे, अशी त्यांची समजूत होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी या समजुतीची परीक्षा घेतली. त्यांनी वायू पूर्णपणे कोरडा केला आणि मग थंड केला. उणे ४० अंशांपर्यंत नेऊनही त्यात काहीच बदल झाला नाही. पाण्याचा अंश असेल तरच स्फटिक जमत होते. म्हणजे तो घन पदार्थ निव्वळ क्लोरीनचा नव्हता. त्यात पाण्याचा वाटा होता. हे निरीक्षण १८११ साली प्रसिद्ध झाले. पाणी काढून टाकून पाहणे, एवढ्या साध्या कृतीने एक चुकीची समजूत मोडीत निघाली.

डेव्हींचे साहाय्यक मायकेल फॅरडे यांनी १८२३ साली या स्फटिकांचे पृथक्करण केले. क्लोरीनच्या एका वाट्यामागे पाण्याचे सुमारे दहा वाटे येतात, असे त्यांना आढळले. पुढे हेच स्फटिक बंद काचनळीत तापवले असता सुटलेला वायू स्वतःच्याच दाबाने द्रवरूप झाला. वायूंच्या द्रवीकरणाच्या इतिहासातील हा एक आरंभीचा टप्पा, आणि त्यासाठी लागलेला वायू पाण्याच्या कैदेतूनच सुटून आला होता. १८८८ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिलार्द यांनी मिथेनचेही असे हायड्रेट तयार करून दाखवले. तरीही आतली रचना कशी आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. वजनावरून प्रमाण कळत होते, आकार कळत नव्हता.

आकार कळण्यासाठी क्ष-किरणांची वाट पाहावी लागली. १९४८ मध्ये ऑक्सफर्डचे हर्बर्ट पॉवेल यांनी रासायनिक बंध न जोडता एका पदार्थाने दुसऱ्याला गजांआड ठेवण्याच्या या प्रकारास ‘क्लॅथ्रेट’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गज लावून बंद केलेला असा होतो. त्या सुमारास बॉनमध्ये फॉन श्टाकेलबर्ग यांनी वायू-हायड्रेटांची क्ष-किरण छायाचित्रे घेतली आणि १९५२ साली लायनस पॉलिंग व रिचर्ड मार्श यांनी क्लोरीन हायड्रेटची रचना मांडली. पाण्याचे २० रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंधांनी जोडले जाऊन १२ पंचकोनी बाजूंचा एक बंद पिंजरा बनतो. अशा लहान पिंजऱ्यांना थोडे मोठे पिंजरे जोडले की स्फटिक उभा राहतो. आतल्या पाहुण्याशी पाण्याचा कोणताही खरा बंध नसतो. मात्र पाहुणा निघून गेला तर पिंजरा सहसा टिकत नाही, कारण पोकळ भिंतींना आतून आधार देण्याचे काम तोच करत असतो.

दरम्यान या पिंजऱ्यांनी उद्योगजगतालाही हिसका दाखवला होता. अमेरिकेत नैसर्गिक वायूच्या नळ्या हिवाळ्यात तुंबत आणि पाणी गोठून बर्फ झाला असावा असे मानले जाई. नळीतील तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही त्या तुंबतात, कारण आतला बोळा वायू-हायड्रेटचा असतो, हे हॅमरश्मिट यांनी १९३४ मध्ये दाखवले. नंतर सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीखाली आणि महासागरांच्या तळाशी मिथेन हायड्रेटचे प्रचंड साठे असल्याचे कळले. भारताच्या राष्ट्रीय वायू-हायड्रेट कार्यक्रमाखाली २००६ साली ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ या जहाजाने केरळ-कोकण, कृष्णा-गोदावरी, महानदी आणि अंदमान या क्षेत्रांत वेधन केले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात एका ठिकाणी सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर सापडला. जगातील समृद्ध साठ्यांत त्याची गणना होते. असे एक घनमीटर हायड्रेट वितळले तर सुमारे १६० घनमीटर वायू बाहेर पडतो.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान होती. नळी असो वा सागरतळ, तिथे दाब भरपूर असतो. मिथेनला पाण्याच्या पिंजऱ्यात जायला लावायचे तर त्याला दाबून धरावे लागते, हे अभियंत्यांचे आणि भूशास्त्रज्ञांचे अनुभवसिद्ध ज्ञान झाले.

खगोलशास्त्रज्ञ मात्र वेगळ्या दिशेने विचार करीत होते. बेल्जियमचे आर्मां देल्सेम आणि पोल स्विंग्स यांनी १९५२ मध्येच धूमकेतूंच्या बर्फात असे पिंजरे असावेत, अशी कल्पना मांडली. धूमकेतूंमधून मिथेनसारखे अतिबाष्पशील वायू पाण्याच्या वाफेबरोबरच बाहेर पडताना का दिसतात, याचे उत्तर त्यात मिळत होते. १९९१ मध्ये नासाच्या डेव्हिड ब्लेक, लुई अलामांडोला आणि सहकाऱ्यांनी निर्वातात ठेवलेल्या बर्फात मिथेनॉलच्या साथीने क्लॅथ्रेट घडल्याचे दाखवले. दाबाविना पिंजरा अशक्य नाही, एवढे त्यातून दिसले. परंतु ताऱ्यांमधल्या काळ्याकुट्ट मेघांत, जिथे तापमान १० ते ३० केल्विन असते, तिथे काय घडते हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न प्रयोगशाळेत आणण्यासाठी धातूचा स्वच्छ पृष्ठभाग लागतो. अतिउच्च निर्वातात रुथेनियम, प्लॅटिनम वा इरिडियमचा स्फटिक साफ केला की त्यावर रेणूंचे थर जवळजवळ मोजून ठेवता येतात. वर सांगितलेल्या दाबाला स्फटिकावर आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला असे धरले, तरी उरलेल्या हवेचा एक थर जमायला साडेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. शेकडो थर जाडीच्या लेपावर दिवसभरात जमणारी ही घाण फार तर सात-आठ थरांची. म्हणूनच असा प्रयोग कित्येक तास चालवता येतो.

धातूवर वायू झाकून ठेवण्याचे तंत्रही याच क्षेत्रात विकसित झाले. १९९७ मध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेत स्कॉट स्मिथ, ब्रूस के आणि सहकाऱ्यांनी थंड पृष्ठभागावर कार्बन टेट्राक्लोराइडचा थर देऊन त्यावर अस्फटिकी, म्हणजे काचेसारख्या विस्कळीत रचनेच्या बर्फाचे झाकण घातले. लेप हळूहळू तापवला. एरवी केव्हाच उडून गेले असते ते रेणू बर्फाखाली दबून राहिले. मग बर्फाचे स्फटिकीकरण सुरू होताच झाकणाला तडे गेले आणि सगळे रेणू एकदम बाहेर उसळले. या घटनेस ‘रेण्वीय ज्वालामुखी’ असे नाव मिळाले.

दुसरे झाकण ग्राफीनचे. तापलेल्या रुथेनियमवर वा इरिडियमवर इथिलीन वायू सोडला की हायड्रोजन निघून जातो आणि कार्बनच्या अणूंची एक-अणू जाडीची षटकोनी जाळी धातूवर पसरते. कॉर्नेल विद्यापीठात २००८ मध्ये ग्राफीनचा सूक्ष्म पडदा ताणून बसवला, तेव्हा हेलियमलासुद्धा तो ओलांडता आला नाही. कोलोन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ च्या सुमारास इरिडियमवरील ग्राफीनवर झेनॉनच्या आयनांचा मारा केला. काही अणू जाळीतून आत घुसले आणि कार्बन व धातू यांच्यामध्ये अडकले. तापवल्यावर हे अणू एकत्र येऊन ग्राफीनखाली फोड उठले. क्रमवीक्षी सुरंगी सूक्ष्मदर्शकाने हे फुगवटे प्रत्यक्ष पाहता येतात, त्यांची उंची मोजता येते. ग्राफीनखालचा वायू असा आपल्या उंचवट्यावरून पकडला जातो. शेकडो थरांच्या बर्फाच्या पोटातला पिंजरा मात्र पृष्ठभागावर कोणतीच खूण उमटवत नाही. त्याची साक्ष अप्रत्यक्षच काढावी लागते, आणि चेन्नईच्या वादाचे मूळ इथेच आहे.

पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने १९५९ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटी मद्रासमध्ये थलप्पिल प्रदीप १९९३ पासून अध्यापन करीत आहेत. पिण्याच्या पाण्यातील कीटकनाशके आणि आर्सेनिक काढणाऱ्या नॅनो-पदार्थांमुळे त्यांचे नाव सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रयोगशाळेत अतिशीत बर्फाच्या पृष्ठभागावरील रसायनशास्त्राचाही अनेक वर्षे अभ्यास होत आला आहे. अत्यल्प ऊर्जेच्या आयनांनी बर्फाचे वरचे एक-दोन थर चाचपण्याचे तंत्र तेथे वापरले गेले. ज्योतिर्मय घोष हे २०१९ च्या निबंधाचे पहिले लेखक. रासायनिक अभियांत्रिकी विभागातील राजनीश कुमार हे सहलेखक होते. आयआयटीत येण्यापूर्वी ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वायू-हायड्रेटांवर काम करीत असत. उच्च दाबाच्या हायड्रेटांचा जाणकार आणि अतिनिर्वातातील बर्फाचे अभ्यासक असे हे एकत्र येणे होते.

प्रयोगाची रीत थोडक्यात अशी. रुथेनियमवर १० केल्विनला मिथेन आणि पाणी समप्रमाणात गोठवून सुमारे ३०० थरांचा लेप तयार केला. तो ३० केल्विनपर्यंत नेला आणि तिथेच सुमारे २५ तास ठेवला. या काळात अवरक्त किरण लेपातून धातूवर आदळवून परतवले आणि त्यांतील कोणत्या तरंगसंख्या शोषल्या जातात हे वेळोवेळी नोंदले. मिथेनचे कार्बन-हायड्रोजन बंध ठरावीक लयीत थरथरतात आणि भोवतालची जागा बदलली की ही लय किंचित सरकते. घनरूप मिथेनची रेषा ३००९ या तरंगसंख्येजवळ होती. तासांमागून तास गेले तशी ३०१७ जवळ एक नवी रेषा उगवू लागली. हीच पिंजऱ्यातल्या मिथेनची खूण, असा चेन्नईच्या गटाने अर्थ लावला. पुंज-रासायनिक गणनांनी त्या अर्थाला दुजोरा दिला. लेप तापवत नेऊन कोणता रेणू कोणत्या तापमानाला सुटतो, याच्या नोंदीही जोडल्या होत्या.

आक्षेप घेणारे मॅथ्यू शुक्रून, तुआन वू आणि एडिथ फायोल हे तिघे कॅलिफोर्नियातील जेट प्रपल्शन लॅबोरेटरीशी संबंधित होते. बर्फाळ उपग्रह आणि आंतरतारकीय बर्फ ही त्यांची अभ्यासक्षेत्रे. त्यांच्या आक्षेपाची धार समजून घेण्यासाठी या क्षेत्रातील एक जुनी अडचण लक्षात घ्यावी लागते. १० केल्विनला गोठवलेला बर्फ अस्फटिकी आणि सच्छिद्र असतो. त्याच्या सूक्ष्म पोकळ्यांच्या भिंतींना चिकटलेल्या मिथेनचीही लय घनरूप मिथेनपेक्षा वेगळी असते. तेव्हा एका नव्या रेषेवरून परिसर बदलला एवढे नक्की कळते; तो परिसर १२ पंचकोनांचाच आहे, हे त्या रेषेवर लिहिलेले नसते. तापवताना वायू उशिरा सुटला म्हणून तो पिंजऱ्यातच होता, असेही थेट म्हणता येत नाही. १९९७ च्या ज्वालामुखीत कार्बन टेट्राक्लोराइड पिंजऱ्यात नव्हता, तरीही तो बर्फ फुटेपर्यंत थांबला होता. आणि सर्वांत कठीण प्रश्न हालचालीचा. ३० केल्विनला मिथेनचे रेणू इकडेतिकडे सरकू शकतात, पण पाण्याचे रेणू जवळजवळ खिळलेले असतात. पिंजरा बांधायचा असतो पाण्याला. एका दिवसात ते कसे बांधणार?

चेन्नईच्या गटाने याच नियतकालिकात उत्तर दिले. अवरक्त वर्णपट आणि तापवतानाच्या नोंदी यांचा एकत्रित विचार केला तर क्लॅथ्रेटचाच निष्कर्ष निघतो, ही भूमिका त्यांनी कायम ठेवली. मूळ निबंधातच त्यांनी रेणूंची मोठी चलनशीलता आणि हायड्रोजन बंध यांना पिंजरा-रचनेचे श्रेय दिले होते. दोन पत्रांच्या या देवाणघेवाणीत कोणी माघार घेतली नाही.

याच काळात चेन्नईत पुढची पावलेही पडत होती. टेट्राहायड्रोफ्युरान आणि ॲसिटोन हे पाहुणे पिंजऱ्यात सहज शिरणारे म्हणून ओळखले जातात. अतिनिर्वातात त्यांची हायड्रेटे तयार करण्याचे प्रयोग झाले. २०२० मध्ये घोष, प्रदीप आणि सहकाऱ्यांनी ॲसिटोन हायड्रेट १३० ते १३५ केल्विनला विघटित होताना मागे घनाकृती बर्फ, म्हणजे नेहमीच्या षटकोनी बर्फाहून वेगळ्या रचनेचा बर्फ उरतो, असे दाखवले. या वेळी अवरक्त वर्णपटाच्या जोडीला इलेक्ट्रॉन विवर्तन होते. विवर्तनात अणूंच्या रांगांची थेट छाप पडते, त्यामुळे उरलेल्या बर्फाच्या रचनेबद्दल दुसरा स्वतंत्र साक्षीदार मिळाला.

या वादाचे महत्त्व दोन प्रयोगशाळांच्या मानापमानापुरते नाही. तारे जन्मण्यापूर्वीच्या मेघांत धूलिकणांवर पाण्याच्या बर्फाचे लेप असतात. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड त्यांत पिंजऱ्यांत बंद झालेले असतील, तर एरवी निसटून गेले असते ते वायू पुढे धूमकेतूंपर्यंत आणि कदाचित ग्रहांपर्यंत पोहोचू शकतात. वाटेत अतिनील किरणांचा मारा झाला तर बंदिस्त रेणूंपासून जीवपूर्व रसायनेही घडू शकतात, अशी शक्यता चेन्नईच्या निबंधात मांडली होती. पिंजरे नसतील, तर त्या बर्फातून कोणता वायू कधी सुटतो याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. आक्षेपाचा रोख प्रयोगशाळेच्या कालावधीवर होता, ही गोष्टही महत्त्वाची आहे. आंतरतारकीय मेघाजवळ २५ तास नसतात; लाखो वर्षे असतात. त्यामुळे आक्षेप बरोबर ठरला तरी अवकाशातील पिंजऱ्यांची शक्यता मोडीत निघत नाही. आणि दावा बरोबर ठरला तर पाण्याचा रेणू ३० केल्विनला किती हालतो, याविषयीच्या आजवरच्या समजुतीच तपासून घ्याव्या लागतील.

डेव्हींनी १८११ मध्ये पाणी काढून टाकले आणि स्फटिक जमले नाहीत. फॅरडेंनी वजन केले, पॉलिंग आणि मार्श यांनी क्ष-किरण वापरले, कोलोनमध्ये ग्राफीनचे फोड सूक्ष्मदर्शकाखाली मोजले गेले. प्रत्येक वेळी आधीच्या पिढीचा पुरावा खोटा ठरला असे नाही. तो अपुरा होता आणि नव्या साक्षीदाराने तो पूर्ण केला. ३० केल्विनच्या मिथेनसाठी तसा साक्षीदार म्हणजे त्याच लेपाचे, त्याच तापमानाला घेतलेले विवर्तनचित्र. पिंजऱ्यांच्या नियमित रांगा असतील तर त्यांचे ठिपके त्यात उमटतील आणि मिथेन नुसताच भेगांत असेल तर धूसर कडी दिसतील. शेकडो थरांच्या विस्कळीत बर्फात मोजकेच पिंजरे विखुरलेले असतील तर ठिपके अंधूक येतील, हीच त्यातली खरी अडचण. ३०१७ जवळची ती रेषा कशाची, याचे निर्विवाद उत्तर या अडचणीच्या पलीकडे आहे.